डावाचा आरंभ आणि शीघ्र पराभव

बुद्धिबळाच्या पटावर हरलेला मनुष्य बहुधा आपल्या शेवटच्या चालीला बोल लावतो. परंतु जे डाव दहा-बारा चालींच्या आत संपतात त्यांची बारकाईने छाननी केली असता असे आढळून येते की, दोष शेवटच्या चालीत नसून पहिल्या तीन-चार चालींत असतो. याचे कारण खेळणाराच्या बुद्धिमांद्यात शोधण्याची आपल्याकडे रीत आहे. आमच्या मते ते कारण पुष्कळ अंशी ऐतिहासिक आहे. आणि तेच येथे वाचकांपुढे ठेवण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे की, शीघ्र पराभव हा या खेळाचा मूळचा धर्म नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास रचलेल्या 'मानसोल्लासा'त राजाच्या विनोदांमध्ये चतुरंगाचाही समावेश केला आहे. प्राचीन चतुरंगात आजच्या वजिराच्या जागी असणारा मंत्री तिरकस एकच घर चाले; तिरकस रेषेने पटाच्या टोकापर्यंत धावून जाणारे एकही मोहरे त्या खेळात नव्हते. उभय सैन्ये एकमेकांस भिडण्यासच पुष्कळ चाली लागत. अशा खेळात आरंभी एखादी चाल वाया गेली तरी ती भरून काढण्यास सवड मिळे. चूक घडे, परंतु तिची शिक्षा उशिरा होई.

ही सवड युरोपात नाहीशी झाली. पंधराव्या शतकाच्या अखेरीस तिकडे मंत्र्याची राणी झाली आणि तिला आठही दिशांस हवे तितके धावण्याचा अधिकार मिळाला. उंटासही तिरकस रेषेवर मोकळीक मिळाली. प्याद्याने पहिल्या चालीस दोन घरे जाण्याची सोय तर आधीपासूनच होती. या तीन गोष्टी एकत्र आल्याबरोबर डावाचा आरंभ धोक्याचा झाला. इंग्रज लोक ज्याला 'फूल्स मेट' म्हणतात ती दोन चालींची मात पाहा. पांढऱ्याने राजाकडील उंटापुढचे प्यादे एक घर सारले. काळ्याने राजापुढचे प्यादे दोन घरे टाकले. पांढऱ्याने पुन्हा राजाकडील घोड्यापुढचे प्यादे दोन घरे पुढे केले, आणि काळ्याचा वजीर तिरकस धावत पटाच्या कडेला येऊन बसला. शह बसला तो मातच झाला. राजाच्या अंगणाची भिंत पांढऱ्याने आपल्याच हातांनी पाडली होती, आणि आड घालण्यास एकही मोहरे बाहेर काढले नव्हते.

नियम बदलताच युरोपीयांनी या धोक्याचा अभ्यास ग्रंथबद्ध करण्यास आरंभ केला. लुसेना या स्पॅनिश लेखकाचा ग्रंथ सालामांका येथे १४९७ साली छापला गेला. त्यात कूटप्रश्नांबरोबर डाव सुरू करण्याच्या रीतीही आहेत. १५६१ साली रुय लोपेझ या धर्मगुरूचा ग्रंथ आला. एका पिढीस जी चूक भोवली ती पुढच्या पिढीस कागदावर वाचावयास मिळू लागली.

आपल्याकडे काय घडले? वजीर व उंट यांच्या नव्या चाली हिंदुस्थानातही आल्या, परंतु प्यादे एकेकच घर चालत राहिले. युरोपीय पद्धतीचा किल्लेकोट आपल्या खेळात नव्हता. त्याऐवजी, शह बसण्यापूर्वी राजाने एकदाच घोड्याप्रमाणे उडी मारावी, अशी मुभा असे. कित्येक ठिकाणी दोघे खेळाडू आरंभीच्या काही चाली एकदमच करून आपापली मांडणी उभी करीत आणि मग खऱ्या लढाईस लागत. म्हणजे आरंभ हा युद्धाचा भाग न राहता युद्धापूर्वीच्या सजावटीचा भाग झाला. कसब पाहावयाचे ते अखेरीच्या झुंजीत. त्यातही प्याद्याने मात करणे हा मोठा मान.

या वृत्तीचे उत्तम निदर्शन खुद्द पुण्याच्या पेशवाईशी निगडित आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयाने त्रिवेंगडाचार्य शास्त्री नावाच्या दाक्षिणात्य पंडिताने 'विलासमणिमंजरी' हा बुद्धिबळावरील संस्कृत ग्रंथ रचला. त्याचे इंग्रजी भाषांतर मुंबईस १८१४ साली प्रसिद्ध झाले, तेही युरोपीय पद्धतीस जुळवून. ग्रंथ मुख्यतः कूटस्थितींचा आहे: अमुक मोहरी अमुक घरांत आहेत, तर इतक्या चालींत मात कशी करावी? त्यातील बुद्धीचा विलास पाहून आजही कौतुक वाटते. परंतु मोहरी त्या घरांत आली कशी, आणि तेथवर सुखरूप पोचावयाचे कसे, हा त्याचा मुख्य विषय नव्हे. पुढे १८२९ साली मद्रासच्या गुलाम कासिम याने जेम्स कॉक्रेन या इंग्रज अधिकाऱ्यासह 'मुझियो गॅम्बिट' या युरोपीय आरंभावर इंग्रजीत ग्रंथ छापला. परंतु आपल्या देशी भाषांत त्या वळणाची परंपरा तेव्हा उभी राहिली नाही.

येथे एका गैरसमजाचे निरसन करणे अवश्य आहे. देशी आरंभ मंद होता म्हणून तो वाईटच होता, असे समजणे चुकीचे होईल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यास जॉन कॉक्रेन या बॅरिस्टराशी महेशचंद्र बॅनर्जी हे शेकडो डाव खेळले. प्यादी एकेक घर सारून उंट बाजूच्या घरात बसवावयाचा आणि मध्यभाग प्रथम शत्रूस देऊन मग त्यावर हल्ला चढवावयाचा, ही त्यांची तऱ्हा. 'इंडियन डिफेन्स' हे नाव त्यांच्याच डावांशी जोडले जाते, आणि त्या कुळातील आरंभ आज जगातील श्रेष्ठ खेळाडू निःशंकपणे खेळतात. पंजाबचा मीर सुलतान खान देशी पद्धतीत वाढला. युरोपीय आरंभांचे त्याचे ज्ञान बेताचे. तरी १९२९, १९३२ आणि १९३३ साली तो ब्रिटिश अजिंक्यपदाचा मानकरी झाला, आणि १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज येथील सामन्यांत त्याने कापाब्लांकासारख्या माजी जगज्जेत्याला हरविले. मायदेशी परतल्यावर १९३५ साली व्ही. के. खाडिलकर यांच्याशी झालेल्या दहा डावांपैकी एक तेवढा त्याने बरोबरीत सोडला, बाकीचे सर्व जिंकले. तेव्हा मंद आरंभ आणि वाईट आरंभ यांत भेद केला पाहिजे. मंद आरंभात मोहरी सावकाश पण एकमेकांच्या आधाराने बाहेर पडतात, आणि राजा झाकलेला राहतो. वाईट आरंभात राजा उघडा पडतो, मोहरी घरातच राहतात, आणि एकटा वजीर गावभर हिंडतो.

हा भेद आजही शिकविला जात नाही, असे आम्हांस वाटते. आमच्या वस्तीत, म्हणजे पिंपरीतील संत तुकाराम नगरात, सुट्टीच्या दिवसांत मुले पट मांडून बसलेली दिसतात, आणि त्यांतील बहुतेकांस पहिली विद्या येते ती चार चालींच्या मातेची. राजापुढचे प्यादे दोन घरे, मग उंट बाहेर, मग वजीर पटाच्या कडेला, आणि चौथ्या चालीस वजिराने शत्रूच्या राजाकडील उंटापुढचे प्यादे मारले की मात! त्या प्याद्याला आरंभी राजावाचून कोणाचाच आधार नसतो, हे या युक्तीचे मर्म होय. नवशिक्यावर ती चालते आणि जिंकणारा मुलगा स्वतःस पंडित समजू लागतो. परंतु प्रतिपक्षाने घोड्यापुढचे प्यादे एक घर सारून वजिरास हुसकावले, म्हणजे तो माघारी फिरतो. तो दुसऱ्या घरातून पुन्हा तोच डोळा रोखतो, तर घोडा मध्ये येऊन उभा राहतो. एका बाजूची मोहरी क्रमाक्रमाने बाहेर येत असतात, तर दुसऱ्या बाजूचा वजीर आपल्या चाली पळण्यात घालवीत असतो. जी युक्ती शीघ्र विजयासाठी योजली तीच पराभवाचे बीज ठरते. ज्या मुलाने पहिली सहा महिने याच युक्तीवर काढली, त्याला पुढे संयम शिकविणे किती कठीण जाते, हे शिकविणाऱ्यांस विचारावे.

यावर कोणी म्हणेल की, मग आरंभाची पुस्तके पाठ केली म्हणजे झाले. तेही पुरेसे नाही. १९८८ साली बिएल येथील स्पर्धेत आपले विश्वनाथन आनंद कोलंबियाच्या अलोन्सो झापाटाशी अवघ्या सहा चालींत हरले. काळ्या मोहऱ्यांनी खेळताना आनंद यांचा घोडा पटाच्या मध्यभागी, आपल्या राजाच्याच उभ्या रेषेत आलेला होता. पाचव्या चालीस पांढऱ्याचा घोडा मारून हिशोब फेडावयाचा, तो न फेडता त्यांनी उंट बाहेर काढला. झापाटाने आपला वजीर राजापुढच्या घरात आणला, आणि तो मधला घोडा जागीच जखडला गेला. त्याला वाचविण्याचा मार्ग नाही हे पाहून आनंद यांनी डाव सोडला. विशेष हे की, उंटाची तीच चाल आदल्या वर्षी माइल्स आणि क्रिस्टिअन्सेन यांच्या डावात खेळली गेली होती, आणि तो डाव बरोबरीत सुटला होता. तेथे तिचे शासन झाले नाही, एवढ्यावरून ती निर्दोष ठरली नव्हती. पुढे पाच वेळा जगज्जेता झालेल्या पुरुषाच्या वाट्यास हा प्रसंग आला, यावरून एवढेच घ्यावयाचे की, पूर्वजांनी लिहून ठेवलेली चाल आपण स्वतः तपासल्याखेरीज आपली होत नाही.

महाराष्ट्रात या तपासणीची शाळा हळूहळू उभी राहिली. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी आयुष्यभर खेळाडू घडविले. मुंबईच्या वासंती, जयश्री व रोहिणी या खाडिलकर भगिनींनी राष्ट्रीय अजिंक्यपदे घरात आणली. प्रवीण ठिपसे आणि पुण्याचे अभिजित कुंटे ग्रँडमास्टर झाले. आणि नागपूरच्या दिव्या देशमुख हिने २०२५ साली बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला. यांची बुद्धी त्रिवेंगडाचार्यांच्या बुद्धीहून वरचढ आहे, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु पहिल्या दहा चालींचा जो अभ्यास पेशव्यांच्या पंडिताने आपला मुख्य विषय मानला नाही, तो यांना लहानपणीच लाभला. आपली मुले पट मांडतील तेव्हा मात कशी करावी हे त्यांस कोणीही सांगेल. घोडे आणि उंट प्रथम बाहेर काढून राजाला आसरा कसा द्यावा, हे मात्र वडिलांनी जवळ बसून शिकवावे.