सुट्ट्या पैशांतील संग्राह्य नाणी : ओळख, मूल्य आणि दक्षता

जून २०२१ मध्ये बंगळुरू येथील एका महिलेची नाणेविक्रीच्या व्यवहारात फसवणूक झाल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले होते. घरातील १९४७ सालचे एक नाणे दहा लाख रुपयांना विकण्याच्या इच्छेने तिने त्याची जाहिरात संकेतस्थळावर दिली. अनोळखी ग्राहकाने त्यासाठी चक्क एक कोटी रुपये देऊ केले आणि ही रक्कम मिळण्यापूर्वी कर भरावा लागेल, असे सांगून तिच्याकडून सुमारे एक लाख रुपये उकळले. एक कोटी रुपये अर्थातच आले नाहीत.

१९४७ सालच्या नाण्यांचे वास्तव जाणून घेतले असते, तर हा प्रस्ताव ऐकताच संशय आला असता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रुपयातील चांदीचे प्रमाण कमी करण्यात आले आणि १९४७ चा रुपया तर संपूर्णपणे निकेलचा होता. त्याच्या एका बाजूस सहाव्या जॉर्जची प्रतिमा, तर दुसऱ्या बाजूस वाघ आहे. स्वातंत्र्यानंतरही ही नाणी चलनात होती. सारनाथचा सिंहस्तंभ असलेली प्रजासत्ताकाची नवी नाणी १५ ऑगस्ट १९५० रोजी आली. म्हणजेच स्वातंत्र्याचे वर्ष हे या नाण्याचे भावनिक मूल्य होय. दुर्मीळतेशी त्याचा संबंध नाही. नाणेविक्रेत्यांकडे ते आजही सहज मिळते.

याच काळात असे प्रकार वाढल्याने भारतीय रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी निवेदन प्रसिद्ध केले. जुन्या नोटा व नाण्यांच्या खरेदी-विक्रीचा व्यवहार बँक करीत नाही, त्यासाठी कोणतेही शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि ते वसूल करण्याचा अधिकार तिने कोणालाही दिलेला नाही, असे त्यात स्पष्ट करण्यात आले. वैष्णोदेवीचे चित्र असलेल्या २०१२ च्या पाच व दहा रुपयांच्या नाण्यांना लाखो रुपये मिळतात, ही अफवा मात्र अद्याप थांबलेली नाही.

असे असले, तरी रोजच्या सुट्ट्या पैशांत संग्रहयोग्य नाणी सापडतात, ही गोष्ट खरी आहे. नाणे वाचता येणे ही त्यासाठीची पहिली अट आहे.

वाचनाचा प्रारंभ वर्षाच्या आकड्याखालून करावा. भारतात मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा येथे टांकसाळी आहेत. मुंबईच्या नाण्यावर वर्षाखाली पत्त्यांतील चौकटच्या आकाराची खूण असते, हैदराबादच्या नाण्यावर पाच टोकांचा तारा, तर १९८८ मध्ये सुरू झालेल्या नोएडा टांकसाळीच्या नाण्यावर ठळक टिंब असते. हैदराबादच्या काही जुन्या नाण्यांवर मधोमध दुभंगलेली चौकट किंवा आत टिंब असलेली चौकटही दिसते. कोलकात्याच्या नाण्यावर कोणतीच खूण नसते. ‘टांकसाळीची खूण नसलेले दुर्मीळ नाणे’ अशी जाहिरात वाचनात आल्यास ते बहुधा कोलकात्याचे नेहमीचे नाणे आहे, एवढे लक्षात ठेवावे.

या चार खुणांपेक्षा वेगळी खूण आढळली, तर मात्र नाणे बाजूला काढून ठेवावे. सुट्ट्या पैशांच्या टंचाईमुळे १९८५ च्या सुमारास आणि पुन्हा १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात भारताने परदेशांतील टांकसाळींकडून नाणी पाडून घेतली होती. १९८५ च्या रुपयावर ‘एच’ हे इंग्रजी अक्षर असल्यास ते नाणे बर्मिंगहॅमचे आहे. मेक्सिकोच्या टांकसाळीची खूण म्हणजे डोक्यावर लहानसे वर्तुळ असलेले ‘एम’ अक्षर होय. रशियातील मॉस्को, स्लोव्हाकियातील क्रेमनित्सा, दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया आणि दक्षिण कोरियातील टांकसाळींनीही भारतीय नाणी तयार केली आहेत. बर्मिंगहॅमहून आलेला रुपया बंगळुरूच्या भाजीबाजारात हातोहात फिरत राहिला, ही हकीकत त्या रुपयाच्या किमतीहून अधिक रंजक म्हणावी लागेल.

त्यानंतर धातूकडे वळावे. १९९२ पासूनचा रुपया स्टेनलेस स्टीलचा असून तो चुंबकाला चिकटतो. त्यापूर्वीचा तांबे-निकेलच्या मिश्रधातूचा रुपया चिकटत नाही. दोन रुपयांचे अकरा कोनांचे जुने नाणेही तांबे-निकेलचेच होते. पाच रुपयांच्या नाण्याचा इतिहास याहून बोधप्रद आहे. १९९२ पासून निघालेले हे जाड नाणे नऊ ग्रॅम वजनाचे होते. कालांतराने त्यातील धातूचे मूल्य दर्शनी मूल्याहून अधिक झाले. ही नाणी बांगलादेशात नेऊन त्यांपासून दाढीची पाती तयार केली जात असल्याच्या बातम्या २००७ च्या सुमारास येत होत्या. त्याच वर्षी सहा ग्रॅमचे, स्टीलचे नाणे आले आणि पुढे पितळी रंगाचे. जाड नाणे आजही वैध असले, तरी ते हाती पडण्याचे प्रसंग विरळ होत चालले आहेत.

थोर व्यक्ती व घटनांच्या स्मरणार्थ काढलेली नाणी हा संग्राहकांच्या आवडीचा विषय आहे. स्वतंत्र भारतातील या प्रकारची पहिली नाणी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या निधनानंतर १९६४ मध्ये निघाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा १९९० चा रुपया, संत ज्ञानेश्वर यांचा १९९९ चा रुपया, त्याच वर्षीचे छत्रपती शिवाजी महाराजांचे दोन रुपयांचे नाणे आणि लोकमान्य टिळक यांचे २००७ चे पाच रुपयांचे नाणे मराठी वाचकांना विशेष जवळची वाटतील. कर्नाटकात २००६ च्या महात्मा बसवेश्वर यांच्या पाच रुपयांच्या नाण्याविषयी अशीच आत्मीयता आहे. स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवाचे बोधचिन्ह असलेली एक ते वीस रुपयांची नाणी ६ जून २०२२ रोजी प्रकाशित झाली. ती सध्याच्या व्यवहारात पाहावयास मिळतात. वापराने झिजण्यापूर्वीच त्यांचा एखादा संच बाजूला ठेवणे इष्ट. अशी नाणी मोठ्या संख्येने काढली जात असल्याने त्यांना अवाजवी किंमत येत नाही.

दहा रुपयांच्या नाण्याची कथा काहीशी विचित्र आहे. रुपयाचे चिन्ह जुलै २०१० मध्ये स्वीकारले गेले आणि पुढच्या वर्षापासून ते नाण्यांवर आले. त्यामुळे चिन्ह असलेली व नसलेली, दहा रेषांची व पंधरा रेषांची अशी नाना तऱ्हेची नाणी एकाच वेळी चलनात राहिली. त्यांतून खऱ्या-खोट्याच्या अफवा उठल्या आणि बंगळुरूसह अनेक शहरांत दुकानदार ही नाणी नाकारू लागले. अखेर जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने चौदाही प्रकारची नाणी वैध असल्याचा खुलासा केला. ज्या विविधतेने दुकानदार गोंधळले, तीच संग्राहकाला हवी असते. नाकारलेल्या नाण्यांतून चौदा प्रकार जमविणे हा नवोदितासाठी अल्पखर्चाचा उत्तम प्रारंभ ठरेल.

टांकसाळीतील दोषामुळे विचित्र झालेली नाणी त्यामानाने खरोखरच विरळ असतात. चकती साच्यात नीट न बसल्यास चित्र एका बाजूस सरकते. आधीचे नाणे साच्यात अडकून राहिल्यास पुढच्या नाण्याच्या दोन्ही बाजूंस एकच चित्र उमटते, त्यांपैकी एक खोलगट व उलटे असते. क्वचित एका नाण्याचा साचा दुसऱ्या नाण्यासाठी वापरला जातो. मात्र हातोडीने ठोकलेली, घासलेली किंवा तापवलेली नाणीही ‘दोषयुक्त’ म्हणून विकली जातात. टांकसाळीतून सदोष बाहेर पडलेले नाणे आणि नंतर बिघडविलेले नाणे यांतील भेद जाणकारालाच सांगता येतो.

सापडलेले नाणे स्वच्छ करण्याचा मोह टाळावा. चिंच, लिंबू, राख किंवा पितांबरी यांनी ते चकाकते खरे, पण पृष्ठभागावरील बारीक रेषा व जुना रंग नष्ट होऊन त्याचे संग्राह्य मूल्य घटते. घरातील वडीलधाऱ्यांनी प्रेमाने घासलेली नाणी पाहून जाणकार मनोमन हळहळतात! नाणे कडेला धरावे आणि कोरड्या कागदी पाकिटात ठेवावे.

कायद्याच्या दृष्टीने सुट्ट्या पैशांतून नाणी निवडून ठेवण्यास आडकाठी नाही. २०११ च्या नाणे अधिनियमानुसार चलनी नाणी वितळविणे किंवा नष्ट करणे हा मात्र गुन्हा आहे. पंचवीस पैसे व त्याखालील नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली. गेंड्याचे चित्र असलेली पंचवीस पैशांची नाणी त्यामुळे आता केवळ डब्यांत उरली आहेत. पन्नास पैशांचे नाणे दुकानदार घेत नसले, तरी अद्याप वैध आहे. शंभर वर्षांहून जुन्या नाण्यांना पुरावशेषविषयक कायदा लागू होतो आणि ती परवान्याविना देशाबाहेर नेता येत नाहीत.

शोध घेण्याची ठिकाणेही बदलत आहेत. सुट्टे नसल्यास बाकी रक्कम तिकिटाच्या मागे लिहून देणारा बसवाहक हे बंगळुरूचे परिचित दृश्य होते. मोबाइलवरून पैसे देण्याची पद्धत रूढ झाल्यापासून मोड हाती येण्याचेच प्रमाण घटले आहे. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये मोबाइलद्वारे पैसे भरून नाणी देणाऱ्या यंत्रांचा प्रयोग बारा शहरांसाठी जाहीर केला, त्यांत बंगळुरूचा समावेश होता. देवस्थानांची दानपेटी, किराणा दुकानाचा गल्ला आणि आजीचा डबा ही संग्राहकांची जुनी ठिकाणे आजही निराश करीत नाहीत.

अभ्यासाची इच्छा असणाऱ्यांना मुंबईच्या फोर्ट भागातील रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय आणि नाशिकजवळील अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्था उपयुक्त ठरतील. बंगळुरूतही संग्राहकांच्या संघटना असून त्यांची प्रदर्शने भरतात. तेथे आपले नाणे दाखविल्यास किमतीचा वास्तव अंदाज मिळू शकतो. नाणे विकताना ग्राहकाने आधी कर, नोंदणी शुल्क किंवा विमा यांसाठी पैसे मागितल्यास व्यवहार तेथेच थांबवावा. रक्कम दिली गेली असल्यास १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी.