पहिल्या वेताचा वैरी

इंग्लंडांत कुत्र्यांचें पहिलें मोठें प्रदर्शन न्यूकॅसल येथें १८५९ च्या जून महिन्यांत भरलें. पॉइंटर व सेटर या दोन शिकारी जातींखेरीज इतरांना तेथें प्रवेश नव्हता. पुढें १८७३ मध्यें लंडनला केनेल क्लब स्थापन झाला आणि दुसऱ्याच वर्षीं त्यानें जातिवंत कुत्र्यांच्या नोंदींचें पहिलें पुस्तक छापून काढलें. आपल्याकडे घराण्याची वंशावळ क्षेत्रोपाध्यायांच्या चोपड्यांत पाहावयाची. तिकडे कुत्र्याची आई कोण, बाप कोण, हें आतां छापील पुस्तकांत पाहतां येऊं लागलें. सरदार-उमरावांच्या आवारांत वाढणारीं हीं कुत्रीं हळूहळू वकील, डॉक्टर, व्यापारी यांच्या घरांत आलीं, आणि स्वयंपाकघरांतील चुलीशेजारीं लांकडी पेटी मांडून पहिलें वेत वाढविण्याचा उद्योग गृहिणींच्या वांट्यास आला.

हा उद्योग दिसतो तितका सोपा नाहीं. कुत्रीचा गर्भकाल सुमारें ६३ दिवसांचा. विण्याच्या आदल्या दिवशीं बहुधा ती अन्न टाकते, अंथरूण ओरबाडते, आणि तिच्या अंगाची उष्णता नेहमींच्या १०१ अंशांवरून ९९ च्या आसपास उतरते. पिलें जन्मतात तीं आंधळीं व बहिरीं. त्यांना स्वतःच्या शरीराची ऊबसुद्धां राखतां येत नाहीं. गारठलेल्या पिलाला दूध पचत नाहीं, म्हणून आधीं ऊब व मग दूध, हा जाणत्यांचा नियम. डोळे दहा ते चौदा दिवसांनीं उघडतात. रोज तराजूंत घालून वजन पाहावें. आठ-दहा दिवसांत तें जन्मवेळच्या दुप्पट झालें म्हणजे निश्चिंत व्हावें. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून पातळ अन्न चाटावयास शिकवावें. इतकें झाल्यावर पिलें अंगणांत धांवूं लागत, आणि घरच्या मंडळींना वाटे कीं, आतां जिंकली!

परंतु वैरी येई तो याच सुमारास. दोन-तीन महिन्यांचें गुबगुबीत पिलूं एके दिवशीं मलूल होई. त्याला ताप चढे, डोळ्यांना व नाकाला घाण येई, खोकला व जुलाब सुरू होत. त्यांतून उठलेंसें वाटावें, तोंच कांहीं आठवड्यांनीं झटके येऊं लागत. कधीं अर्धें वेत जाई, कधीं सबंध. या रोगाला इंग्रजींत डिस्टेंपर म्हणतात. प्रदर्शनांतून शेंकडों कुत्रीं शेजारीं शेजारीं बांधलीं जात, त्यामुळें बक्षिसाबरोबर हा रोगही घरीं येण्याची सोय झाली होती!

आई शेजारीं असतांना सुरक्षित राहिलेलें पिलूं नेमकें याच वेळीं कां दगावावें, याचा उलगडा पुढें झाला. आई स्वतः रोगांतून पार पडलेली असली, तर तिच्या पहिल्या दिवसांच्या चिकाच्या दुधांतून पिलांना रोगप्रतिकाराची शिदोरी मिळते. ती कांहीं आठवडे पुरते. संपली कीं पिलूं उघडें पडतें.

औषधें मात्र पुष्कळ होतीं, आणि ज्या रोगावर पुष्कळ औषधें त्यावर एकही खरें नव्हे, हें येथेंही खरें ठरलें. देवीच्या लशीमुळें ज्याचें नांव आपल्याकडेही घरोघर पोंचलें, त्या एडवर्ड जेन्नरनें बार्क्लेच्या अर्लचे शिकारी कुत्रे पाहून या रोगाचें उत्तम वर्णन १८०९ मध्यें प्रसिद्ध केलें. गाईच्या देवीची लस कुत्र्यांनाही उपयोगी पडेल, अशी त्याची आशा होती. ती फोल ठरली. १९०५ मध्यें फ्रान्समधील पशुवैद्य आंरी कारे यानें दाखवून दिलें कीं, रोगी कुत्र्याच्या नाकांतील स्राव जंतूंना अडविणाऱ्या गाळणींतून गाळला, तरी त्यापासून रोग होतोच. म्हणजे कारण जंतूंहूनही सूक्ष्म, ज्याला आज विषाणु म्हणतात तें. पण तें पुष्कळांना पटलें नाहीं. रोगी कुत्र्याच्या श्वासनलिकेंत एक जंतु सांपडत असे, तोच खरा गुन्हेगार मानून कित्येक वर्षें लशी बनविल्या गेल्या.

अखेर १९२३ मध्यें ‘द फील्ड’ या शिकार व ग्रामजीवनाला वाहिलेल्या साप्ताहिकानें निधि उघडला. कुत्रीं पाळणाऱ्यांनींच पैसे दिले, आणि लंडनजवळ मिल हिल येथें वैद्यक संशोधन मंडळाच्या शेतावर पॅट्रिक लेडलॉ हा डॉक्टर व जॉर्ज डंकिन हा पशुवैद्य कामास लागले. त्यांच्यापुढें पहिली अडचण आली ती मोठी मौजेची. बाजारांतून आणलेलें कुत्रें एक तर रोगांतून आधींच पार पडलेलें, नाहीं तर आणतांनाच रोग घेऊन आलेलें. दोन्ही प्रयोगाला निरुपयोगी. तेव्हां या विद्वानांनाही गृहिणींप्रमाणें पिलांचीं वेतें वाढवीत बसावें लागलें. त्यासाठीं कुंपण घातलेलें स्वतंत्र आवार केलें. आंत जाणाऱ्यानें अंगावरचे कपडे बाहेर ठेवावे, जंतुनाशक पाण्यानें स्नान करावें, आंतले कपडे घालावे, मगच पिलांजवळ जावें. आपल्याकडील सोंवळ्याची आठवण व्हावी असा हा कडक आचार. पण त्याचें फळ डोळ्यांना दिसे. त्या आवारांत पिलें रोगावांचून वाढलीं.

दुसरें साहाय्य झालें फेरेटांचें. फेरेट हा सशांच्या बिळांत सोडण्यासाठीं पाळलेला, मुंगसासारखा लांबट प्राणी. त्याला डिस्टेंपर हटकून होतो व बहुधा प्राणघातक ठरतो. या दोन साधनांच्या बळावर कारेचें म्हणणें खरें असल्याचें १९२६ मध्यें सिद्ध झालें, आणि दोन वर्षांत लस तयार झाली: प्रथम फॉर्मॅलिननें मारलेला विषाणु टोंचावयाचा, आणि कांहीं दिवसांनीं जिवंत विषाणु. ही लस सदोष होती. जिवंत विषाणूची मात्रा सांभाळणें कठीण जाई. सौम्य केलेल्या विषाणूच्या लशी मागाहून आल्या. या कामीं जीं कुत्रीं व फेरेट मेलीं, त्यांचा हिशेब वजा टाकून ही कथा सांगणें योग्य नव्हे. त्या काळींही इंग्लंडांत अशा प्रयोगांविरुद्ध मोठी ओरड होती.

या खटाटोपाचें एक फळ माणसांच्या पदरांत पडलें. १९३३ च्या इन्फ्लुएंझाच्या साथींत विल्सन स्मिथ, क्रिस्टोफर अँड्र्यूज व हेच लेडलॉ यांनीं रोग्यांच्या गुळण्यांचें पाणी गाळून फेरेटांच्या नाकांत सोडलें. फेरेटांना ताप आला, ते शिंकूं लागले, आणि माणसाच्या इन्फ्लुएंझाचा विषाणु प्रथमच हातीं आला.

आज पिलाला पहिली लस सहा ते आठ आठवड्यांचें असतांना देतात, पण एकदां देऊन थांबत नाहींत. आईची शिदोरी शिल्लक असेपर्यंत तीच लशीलाही निष्फळ करते, आणि ती कोणत्या पिलाची केव्हां संपेल हें वरून ओळखतां येत नाहीं. म्हणून दोन ते चार आठवड्यांच्या अंतरानें सोळा आठवड्यांपर्यंत लस पुन्हां पुन्हां टोंचतात, आणि तोंवर पिलाला परक्या कुत्र्यांत सोडीत नाहींत.