पत्रपेटी उघडत नाही

मराठी इतिहासाचा मोठा भाग लोकांच्या माळ्यांवर सापडला आहे. वि. का. राजवाडे गावोगाव फिरले, जुन्या वाड्यांमधली दप्तरं धुंडाळली आणि १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. वाळवी, पाऊस आणि रद्दी यांच्या तावडीतून जे कागद सुटले, त्यांच्यावर आपला इतिहास उभा आहे.

आता एक साधा प्रश्न. १९९८ ते २०१० या काळात आपल्या घरांनी एकमेकांना लिहिलेली पत्रं कुठे आहेत? आंतरदेशीय पत्रं तोवर कमी होत चालली होती आणि व्हॉट्सॲप यायचं होतं. मधली दहा-बारा वर्षं ई-मेलची होती. त्यातली कितीतरी पत्रं आजही एखाद्या बंद पडलेल्या संगणकाच्या हार्डडिस्कवर पडून आहेत, आणि ती दाखवणारा प्रोग्रॅम उघडत नाही.

तुम्ही म्हणाल, ई-मेल तर कंपनीच्या सर्व्हरवर असतं. आज असतं. तेव्हा नसायचं, आणि त्याचं कारण टेलिफोनच्या बिलात आहे.

भारतात ई-मेलची सुरुवात १९८६-८७च्या सुमारास अर्नेट या शैक्षणिक जाळ्यातून झाली. मुंबईतली एनसीएसटी आणि आयआयटी या त्यातल्या सुरुवातीच्या संस्था. सामान्य माणसासाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने खुलं केलं. पण ते फोनच्या तारेवरून यायचं. मोडेम किरकिरला की मीटर सुरू. अशा वेळी सगळी पत्रं ऑनलाइन राहून निवांत वाचणं परवडणारं नव्हतं. जोडायचं, पत्रं ओढून घ्यायची, फोन ठेवायचा आणि मग वाचत बसायचं, ही रीत होती. ‘पॉप’ हा नियमसंच याच कामासाठी १९८४ साली बनला होता. पत्र संगणकावर उतरलं की सर्व्हरवरची प्रत सहसा पुसली जायची, कारण तिथे जागाच नसायची. हॉटमेल तेव्हा २ एमबी द्यायचं. १ एप्रिल २००४ला जीमेलने १ जीबी देऊ केली, तेव्हा तारीख बघून अनेकांना ती थट्टा वाटली.

म्हणजे त्या काळातल्या पत्राची एकच प्रत असायची, आणि ती घरातल्या संगणकावर. कागदी पत्रासारखीच.

ही पत्रं सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमांमध्ये युडोरा हा एक जुना आणि लाडका. स्टीव्ह डॉर्नर यांनी तो १९८८ साली इलिनॉय विद्यापीठात लिहिला आणि त्याला लेखिका युडोरा वेल्टी यांचं नाव दिलं, कारण त्यांची एक कथा पोस्टात राहायला गेलेल्या बाईची आहे. पुढे विंडोजबरोबर आउटलुक एक्सप्रेस घरोघरी आलं, आणि डिसेंबर २००४मध्ये थंडरबर्डची पहिली पूर्ण आवृत्ती आली.

देऊळगाव राजा हे बुलढाणा जिल्ह्यातलं बालाजीचं गाव. शेजारी सिंदखेड राजा, जिजाऊंचं माहेर. राजे जाधवांच्या खुणा दोन्हीकडे आहेत, त्यामुळे जुन्या कागदांचं मोल इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. इथल्या माझ्या चुलत काकांकडे तसाच एक संगणक आहे. मुलगा परदेशी नोकरीला गेला तेव्हा घेतलेला. आजी सांगायची, काका टाइप करायचे. आजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. मागच्या उन्हाळ्यात काका म्हणाले, “चित्र येतं अन् निघून जातं. पत्रं उडाली का रे बाबा?”

पत्रं सहसा उडालेली नसतात. असा प्रोग्रॅम सुरू होताना तीन कामं करतो. पत्रांचा फोल्डर कुठे आहे ते शोधतो. दुसऱ्या कुणी तो एकाच वेळी उघडू नये म्हणून एक छोटी कुलपाची फाइल ठेवतो. मग पत्रांची अनुक्रमणिका वाचून यादी दाखवतो. मध्येच वीज गेली तर कुलूप तसंच राहू शकतं आणि अनुक्रमणिका अर्धवट लिहिली जाते. लोडशेडिंगच्या वर्षांत तर हे रोजचंच होतं. पुढच्या वेळी प्रोग्रॅम अडखळतो. पण दप्तराची यादी उंदराने कुरतडली म्हणून दप्तर गेलं असं होत नाही.

म्हणून पहिला नियम: काहीही पुसायच्या आधी पूर्ण फोल्डरची प्रत पेनड्राइव्हवर घ्यायची. प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकायची घाई करायची नाही. मग टास्क मॅनेजरमध्ये तोच प्रोग्रॅम आधीपासून अडकून बसलाय का ते बघायचं. तसं नसेल तर उरलेलं कुलूप काढायचं, जोडलेली ॲड-ऑन्स बंद ठेवून सेफ मोडमध्ये उघडायचं. तरी यादी रिकामी दिसली तर अनुक्रमणिकेच्या फाइलचं नाव बदलायचं, म्हणजे प्रोग्रॅम पत्रं वाचून ती नव्याने बनवतो. काकांच्या संगणकाला या शेवटच्या कामाला अर्धा तास लागला. मग एकेक ओळ दिसू लागली. काकांनी चष्मा पुसला आणि आजीने सांगितलेलं पत्र उघडायला सांगितलं.

हे जमलं त्यामागे एक जुना निर्णय आहे. त्या प्रोग्रॅमने पत्रं ‘एमबॉक्स’ या पद्धतीने ठेवली होती. युनिक्सच्या काळापासूनची ही पद्धत: साध्या मजकुराची एक लांबलचक फाइल, पत्रं एकाखाली एक. ती नोटपॅडमध्येही उघडते. युनिकोडमधला मराठी मजकूर मात्र तिथे बऱ्याचदा आकडे-अक्षरांच्या सांकेतिक रांगेत दिसतो, पण तो संकेत जाहीर आहे, कुणीही सोडवू शकतं. खरी पंचाईत युनिकोडआधीच्या फॉन्टांची. तिथे ‘क’च्या जागी प्रत्यक्षात एखादं इंग्रजी अक्षर साठवलेलं असतं, तो फॉन्ट हरवला की उरतो तो निरर्थक इंग्रजी मजकूर. मोडी वाचणारे आज थोडे आहेत, पण आहेत, आणि ती शिकताही येते. एखाद्या कंपनीच्या बंद फाइलची किल्ली कंपनीबरोबर जाऊ शकते. युडोराचं काम २००६मध्ये थांबलं. त्याचा सोर्स कोड २०१८ साली अमेरिकेतल्या कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियमने खुला केला, म्हणून तो तरी अभ्यासाला उरला. प्रत्येक प्रोग्रॅमच्या नशिबी संग्रहालय नसतं.

राजवाडे ज्या घरांत गेले तिथल्या अनेकांनी आपल्याकडचे कागद रुमालात बांधून ठेवले होते. आपल्याला एवढंच करायचं आहे. दिवाळीच्या साफसफाईत जुना संगणक भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढायच्या आधी त्याची हार्डडिस्क काढून घ्या. पत्रांचा फोल्डर दोन ठिकाणी उतरवा आणि त्यावर नाव, गाव, साल लिहा. उघडायचं कसं, ते नंतर बघता येईल.