इंजिन गुडघ्यापाशी की पलंगाखाली?

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. मोटरहोमचं मात्र अवश्य विचारावं. अमेरिकेत नोकरीतून मोकळं झालेलं जोडपं चाकांवरचं घर घ्यायला निघालं, की पहिला प्रश्न उभा राहतो: पेट्रोलची घ्यायची की डिझेलची? तिकडे पेट्रोलला ‘गॅस’ म्हणतात आणि गाडीतल्या शेगडीला आपला नेहमीचा गॅसही असतो, त्यामुळे आपल्याकडून गेलेला पाहुणा आधी तिथेच गोंधळतो. मग आकडे सुरू होतात: किंमत, मायलेज, ऑइल बदलायचा खर्च. पण बाहेरून बहिणी-बहिणी वाटणाऱ्या या दोन गाड्या एका खुणेवरून ओळखता येतात. पेट्रोलच्या गाडीत इंजिन पुढे, चालकाच्या गुडघ्यापाशी. डिझेलच्या मोठ्या गाडीत ते मागे, झोपायच्या पलंगाखाली. पहिली ट्रकच्या घराण्यातली, दुसरी बसच्या. बाकीचे बहुतेक फरक या कुंडलीतूनच निघतात.

सुरुवातीला घराणं एकच होतं, आणि ते श्रीमंतांचं होतं. १९१० साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पिअर्स-ॲरो कंपनीने ‘टूरिंग लँडॉ’ नावाची मोटार मांडली. मागची सीट उलगडली की पलंग, शोफरच्या पाठीमागून बाहेर येणारं हात धुण्याचं भांडं, अडीनडीला दुसरंही एक भांडं, आणि शोफरला हुकूम सोडायला टेलिफोन. पाच वर्षांनी रोलंड कॉन्क्लिन या बस-कारखानदाराने घरच्यांना न्यूयॉर्कजवळच्या हंटिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला नेलं, तेही पंचवीस फूट लांब आणि आठ टन वजनाच्या ‘जिप्सी व्हॅन’मधून. आत स्वयंपाकघर, रेल्वेसारखे बर्थ, ग्रामोफोन आणि पुस्तकांचं लपवलेलं कपाटसुद्धा. अशा गाड्यांना तेव्हा ‘हाउस कार’ म्हणत. त्या एकेक करून बनायच्या आणि ज्याच्या-त्याच्या हौसेनुसार सजायच्या.

‘मोटर होम’ हा शब्द रूढ करण्याचं श्रेय मिशिगनमधल्या ब्राउन सिटीच्या रे फ्रँककडे जातं. १९५८ साली त्याने स्वतःच्या कुटुंबासाठी एक गाडी बांधली. बघणाऱ्यांना ती आवडली, मागणी आली आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तो डॉज कंपनीच्या चासीवर अशा गाड्या विकण्यासाठी बनवू लागला. इथे ट्रकचं रक्त आलं. नुसती चासी रस्त्याने घेऊन जाणारे ड्रायव्हर आपण महामार्गावर पाहिलेत: पुढे इंजिन, मागे दोन लांब लोखंडी पट्ट्या, वर ना छप्पर ना दार, आणि डोक्याला रुमाल गुंडाळून उघड्यावर बसलेला माणूस. अमेरिकेतली पेट्रोलची मोटरहोम आजही अशाच चासीपासून सुरू होते. मोटार कंपनी चासी आणि इंजिन देते, घर बांधणारा दुसराच. हलक्या ट्रकचं पेट्रोल इंजिन तयार मिळत होतं, स्वस्त होतं आणि गावोगावच्या मेकॅनिकच्या ओळखीचं होतं. पेट्रोल तर पाण्याच्या भावाने मिळायचं. डिझेलचा विचार करायला कुणाला कारणच नव्हतं.

हे घर मध्यमवर्गाच्या दारात आणलं ते आयोवातल्या फॉरेस्ट सिटी या छोट्या गावाने. शेतीच्या मंदीने गाव ओस पडू लागलं होतं. जॉन हॅन्सन या गावकऱ्याचं फर्निचरचं दुकान होतं आणि जोडीला अंत्यसंस्काराचा व्यवसाय. गावात काही काम यावं म्हणून त्याने खटपट करून राहण्याच्या ट्रेलरचा कारखाना आणवला, आणि पुढे तो स्वतःच चालवला. हीच विनेबागो कंपनी. १९६६ साली तिने असेंब्ली लाइनवर मोटरहोम काढायला सुरुवात केली आणि किंमत इतरांच्या जवळजवळ निम्म्यावर ठेवली. आपल्याकडे वनस्पती तुपाला डालडा म्हणतात, तसं अमेरिकेत कुठल्याही मोटरहोमला विनेबागो म्हणू लागले.

पेट्रोल घराण्याचा सगळ्यात देखणा वारस १९७३ साली आला. जनरल मोटर्सने जीएमसी मोटरहोम काढली: साडेसात लिटरचं प्रचंड व्ही-८ इंजिन, ओढणारी चाकं पुढची, त्यामुळे खाली लांब शाफ्ट नाही आणि आतली फरशी रस्त्यापासून पायरीइतकीच उंच. मुहूर्त मात्र चुकला. त्याच ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं, पंपांवर रांगा लागल्या आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत सगळीकडे ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली. एका गॅलनला आठ-दहा मैल जाणाऱ्या घराकडे लोक पाठ फिरवू लागले. १९७८ साली ही गाडी बंद झाली. तेव्हापासून प्रश्न विचारला जाऊ लागला: कमी पिणारं दुसरं काही आहे का?

दुसरं होतं, आणि ते जुनंच होतं. रुडॉल्फ डिझेलला जर्मनीत १८९३ साली पेटंट मिळालं आणि १८९७ साली आउग्सबुर्गच्या कारखान्यात त्याचं इंजिन कसोटीला उतरलं. इंधनातल्या उष्णतेपैकी २६ टक्क्यांहून अधिक ते कामी लावत होतं. त्या काळच्या वाफेच्या इंजिनाला याच्या निम्मंही साधत नसे. युक्ती सोपी वाटते, पण निभावणं महाकठीण. पेट्रोलच्या इंजिनात हवा-इंधनाचं मिश्रण दाबून त्यावर ठिणगी पाडतात. डिझेलमध्ये ठिणगी नाहीच. नुसती हवा पंधरा-वीस पट दाबायची, ती इतकी तापते की फवारलेलं इंधन आपोआप पेटतं. एवढा दाब सोसायचा म्हणजे ओतकाम जाड, वजन जास्त आणि किंमतही. त्या पहिल्या इंजिनाची उंचीच दहा फुटांच्या आसपास होती. जहाजाला ते चालेल, मोटारीला कसं चालणार? खुद्द डिझेल १९१३ साली इंग्लंडला जाताना बोटीवरून नाहीसा झाला. आपलं इंजिन रस्त्यावर रुळलेलं पाहणं त्याच्या नशिबी नव्हतं.

अमेरिकेच्या रस्त्यावर हे इंजिन आणणाऱ्यांत जे नाव ठळक आहे, ते पुणेकराला नवं नाही. कोथरूडचा कारखाना १९६२ सालच्या किर्लोस्कर कमिन्सचा, आणि कर्वेनगरचं मुलींचं अभियांत्रिकी कॉलेजही कमिन्सच्याच नावाचं. हा क्लेसी कमिन्स इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावचा, आठवीपर्यंत शिकलेला आणि विल्यम अर्विन या बँकवाल्याचा शोफर. त्याचा यंत्रांतला हात पाहून मालकाने पैसे घातले आणि १९१९ साली कंपनी उभी राहिली. पहिला धंदा शेतीच्या लहान इंजिनांचा. ती सिअर्सच्या कॅटलॉगमधून, आवडलं नाही तर पैसे परत या बोलीवर विकली जात. शेतकऱ्यांनी हंगाम उरकून घेतला आणि इंजिनं परत पाठवली! कंपनी बुडता बुडता वाचली.

दहा वर्षांनी, शेअर बाजार कोसळलेल्या १९२९च्या नाताळात, कमिन्सने एका जुन्या पॅकार्ड मोटारीत आपलं डिझेल इंजिन बसवलं आणि मालकाला फिरवून आणलं. थैली पुन्हा सुटली. जानेवारीत तीच गाडी घेऊन तो न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनाला गेला. सुमारे आठशे मैलांच्या प्रवासाला इंधन लागलं १ डॉलर ३८ सेंटचं. १९३१ साली त्याची डिझेल गाडी इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत उतरली आणि तेलासाठी एकदाही न थांबता तेरावी आली.

त्याच वर्षीची आणखी एक गोष्ट आज डोंगर उतरणाऱ्या प्रत्येक डिझेल मोटरहोमच्या कामाची आहे. आपल्या इंजिनाचा ट्रक घेऊन कमिन्स आणि त्याचे सोबती अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्याकडे चालले होते. कॅलिफोर्नियातला कहोन घाट उतरताना ब्रेक तापून निकामी झाले. पेट्रोलच्या गाडीत ॲक्सिलरेटर सोडला की हवेची वाट बंद होते, इंजिनाचा श्वास कोंडतो आणि ते गाडीला मागे खेचतं. डिझेलमध्ये ती झडपच नसते. हवा मोकळी येते-जाते, इंजिन अडवत नाही. ट्रक सुटला. खाली रेल्वे फाटक, फाटकावर मालगाडी. ती पार झाली आणि हे थोडक्यात वाचले. हा प्रसंग कमिन्सच्या डोक्यातून गेला नाही. निवृत्त झाल्यावर, १९५०च्या दशकात त्याला उत्तर सापडलं: सिलिंडरमध्ये हवा पुरती दाबली गेली की नेमक्या त्या क्षणी एक्झॉस्टची झडप उघडायची. दाबायला लागलेली ताकद वाया जाते, परत चाकाला मिळत नाही, आणि गाडी ढकलणारं इंजिन गाडी धरून ठेवतं. ड्रिलचे चक बनवणाऱ्या जेकब्स कंपनीने १९६१ साली हा ब्रेक बाजारात आणला. ‘जेक ब्रेक’ तो हाच. घाटात ट्रक उतरताना येणारा तो तडतड आवाज त्याचाच.

इंजिन आलं, पण ते मागे पलंगाखाली कसं गेलं? ते बसने नेलं. अमेरिकेत लांब पल्ल्याच्या बसगाड्यांनी १९३०च्या दशकात इंजिन मागे ढकललं आणि हळूहळू डिझेल स्वीकारलं. म्हणजे पुढे प्रवाशांना आवाज नाही, धूर नाही आणि पोटात सामानाला जागा. या बसगाड्या लाखो मैल धावून निवृत्त होत तेव्हा हौशी लोक त्या विकत घेत, सीट उपटून पलंग आणि ओटा बसवत. २० जुलै १९६३ रोजी मेन राज्यातल्या हिंक्लीला खग्रास सूर्यग्रहण पाहायला अशी २६ कुटुंबं आपापली चाकांवरची घरं घेऊन जमली. सूर्य झाकून उघडेपर्यंत त्यांनी एक संघटनाही काढली होती, ती ‘फॅमिली मोटर कोच असोसिएशन’. नावातला ‘कोच’ म्हणजे बसच. जॉर्जियातल्या फोर्ट व्हॅलीच्या ब्लू बर्ड या शाळेच्या बस बनवणाऱ्या कंपनीने त्याच सुमाराला आपल्या बसच्या सांगाड्यात घर घालून विकायला सुरुवात केली.

पण अख्खी बस घेणं फार थोड्यांच्या आवाक्यात होतं. १९८०च्या दशकात कमिन्सचं ५.९ लिटरचं, सहा सिलिंडरचं मध्यम इंजिन आलं. बसच्या मानाने हलकं, ट्रकच्या मानाने टिकाऊ. त्याच सुमाराला स्पार्टनसारख्या कंपन्या खास मोटरहोमसाठी मागच्या इंजिनाची चासी बनवू लागल्या, आणि १९९५नंतर दक्षिण कॅरोलिनातल्या गॅफ्नीहून फ्रेटलायनरची चासी निघू लागली. इंजिन मागून ढकलतं म्हणून या गाड्यांना ‘पुशर’ म्हणतात.

आता दोन घराण्यांचे गुण-दोष बघा. पेट्रोलच्या गाडीत चालक आणि शेजारच्या सीटमध्ये इंजिनावरचं झाकण असतं. जुन्या एसटीत ड्रायव्हरशेजारच्या गरम खोक्याजवळ बसून गेलेल्याला ते वेगळं सांगायला नको. घाट चढताना इंजिन ओरडतं आणि नवरा-बायकोचं बोलणं थांबतं. खाली पट्ट्यांच्या स्प्रिंगा, ट्रकच्याच. डिझेल पुशरमध्ये पुढे शांतता, खाली हवेच्या उशा आणि हवेचे ब्रेक. सकाळी निघण्याआधी हवा भरेपर्यंत थांबावं लागतं. पण पहाटे पाचला निघणाऱ्याच्या पलंगाखालचं इंजिन शेजारच्या पाच घरांना उठवतं.

डोंगरात फरक चांगलाच जाणवतो. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन दर हजार फुटांना सुमारे तीन टक्के ताकद गमावतं. कोलोराडोतला आयझेनहॉवर बोगदा अकरा हजार फुटांवर आहे, म्हणजे तिथवर पोचेपर्यंत एक-तृतीयांश ताकद गेलेली असते. डिझेलचा टर्बो विरळ हवा दाबून भरतो, आणि त्याचा जोर कमी फेऱ्यांतच मिळतो. मागे जीप बांधून न्यायची असेल तर डिझेल सहज ओढतं. मायलेज मात्र दोन्हीकडे लाज वाटावी असंच: पेट्रोलला लिटरमागे अडीच ते चार किलोमीटर, डिझेलला थोडं जास्त. डिझेलची गाडी महाग, ऑइल दुप्पट-तिप्पट, आणि २०१०च्या प्रदूषण नियमांपासून युरियाच्या पाण्याची वेगळी टाकी. त्या नियमांच्या सुमारासच कॅटरपिलरने ट्रकची इंजिनं सोडून दिली. पेट्रोलकडचा सारा संसार आता बहुतेक एकट्या फोर्डवर आहे. अमेरिकेतल्या पेट्रोलच्या मोठ्या मोटरहोम जवळजवळ सगळ्या फोर्डच्या एफ-५३ चासीवर बसतात, आणि २०२०पासून तिच्यात ७.३ लिटरचं साधं, मजबूत व्ही-८ आहे.

एक गोष्ट दोघींत सारखी आहे. घरातल्या विजेचा जनरेटर मुख्य टाकीतूनच तेल घेतो, पण त्याची नळी मुद्दाम वर ठेवलेली असते. टाकीत पाव हिस्सा तेल उरलं की जनरेटर बंद पडतो, कारण घरात अंधार झाला तरी चालेल, गाडी पंपापर्यंत पोचली पाहिजे.

तेव्हा अमेरिकेतल्या मुलाने किंवा भाचीने कधी विचारलंच, तर सांगा: वर्षातले दोन महिने फिरायचं आणि बाकी दिवस गाडी दारात उभी ठेवायची असेल, तर पेट्रोलची घे, उरलेल्या पैशांत खूप फिरणं होईल. घरच विकून वर्षभर रस्त्यावर राहायचं असेल, रॉकी पर्वत ओलांडायचे असतील, तर डिझेल. आणि सही करण्याआधी एकदा पुढच्या सीटवर बसून गाडी चढावर घालायला सांग, आणि एकदा मागच्या पलंगावर आडवं होऊन इंजिन सुरू करायला.