संभाषणातील कालविलंब आणि सर्व्हरचे स्थान

इ. स. १९७४ मध्ये अमेरिकेत अर्पानेटवरून कॅलिफोर्निया व मॅसॅच्युसेट्स यांच्या दरम्यान मानवी वाणीचे तत्काळ वहन साधले. इ. स. १९९५ पासून ही सोय सामान्य संगणकधारकांसही विकत मिळू लागली. परंतु कालविलंबाचा मूळ प्रश्न कायमच राहिला. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने एकमार्गी विलंबाची इष्ट मर्यादा १५० मिलिसेकंद ठरविली आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदास सुमारे दोन लक्ष किलोमीटर जातो. मुंबई-पुणे संभाषण न्यूयॉर्क येथील सर्व्हरमार्गे नेल्यास सुमारे २५,००० किलोमीटरांचा फेरा पडून १२५ मिलिसेकंद अंतरातच खर्ची पडतात. उरलेल्या अवधीत ध्वनीची पाकिटे बांधणे व जुळविणे कठीण होते. वक्ते एकमेकांचे बोलणे तोडू लागतात. सबब सर्व्हर निवडताना त्याच्या अखंड चालण्याइतकाच वक्त्यांशी असलेल्या सान्निध्याचा विचार अपरिहार्य ठरतो.