रामाकोन्याचा घाट आणि महादेवाची वाट

नागपूरहून उत्तरेकडे निघालेल्या प्रवाशाने सावनेर मागे टाकले, सौंसर ओलांडले आणि तो कन्हान नदीच्या काठच्या रामाकोन्यास पोहोचला, म्हणजे मैदान संपत आले असे समजावे. पुढे सिल्लेवानीचा घाट लागतो. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे एक हजार फूट उंचीवर वसले आहे आणि छिंदवाडा सुमारे बावीसशे फुटांवर. ही बाराशे फुटांची पायरी ह्या डोंगरात चढावी लागते. जी चढण माणसाला दमविते, तीच पाण्याला उडी घ्यावयास लावते. सातपुड्याच्या पठारावरून खाली येणारे ओढे पावसाळ्यात ठिकठिकाणी कड्यावरून कोसळतात. त्यांतला रामाकोना आणि उमरानाला ह्यांच्या दरम्यानचा कुकडीखाप्याचा धबधबा प्रसिद्ध आहे. त्याची उंची सुमारे ६० फूट. आठशे तीस फुटांच्या गिरसप्प्यापुढे हा आकडा किरकोळ वाटेल. परंतु धबधब्याची थोरवी फुटपट्टीने मोजण्याची सवय फार जुनी नाही, आणि ती फारशी चांगलीही नाही.

भूगर्भशास्त्राच्या अभ्यासकांना ह्या मुलखाची नावे परकी नाहीत. भारतातील अतिप्राचीन खडकांच्या एका समूहाला सौंसरचेच नाव दिलेले आहे, आणि त्याच्या उत्तरेकडील एका पट्ट्याच्या नावात रामाकोना आले आहे. ज्या गावाचे नाव नकाशावर शोधावे लागते, ते खडकांच्या शास्त्रात असे स्थिरावले आहे.

परंतु खडकांपेक्षा वाटांचा इतिहास अधिक बोलका आहे. ह्या डोंगराच्या माथ्याकडे देवगडचा किल्ला. तेथील गोंड राजा बख्तबुलंद ह्याने अठराव्या शतकाच्या अगदी आरंभी नागपूर शहराचा पाया घातला. म्हणजे नागपूरची जन्मकथा नागपुरात सुरू होत नाही. ती सातपुड्याच्या अरण्यात सुरू होते आणि डोंगर उतरून मैदानात येते. पुढे भोसल्यांनी देवगडचे राज्य आपल्या सत्तेखाली आणले, तेव्हा डोंगर आणि मैदान ह्यांचा संबंध कायम राहिला, फक्त हुकूम उलट दिशेने जाऊ लागले. १८१८ साली इंग्रजांच्या कैदेतून निसटलेल्या अप्पासाहेब भोसल्यांना आसरा मिळाला तोही ह्याच रांगांत, महादेवाच्या डोंगरांत, गोंड सरदारांच्या पाठबळावर. त्यांचा पाठलाग करणाऱ्या फौजांना अरण्यातील पायवाटा ठाऊक नव्हत्या, आणि अप्पासाहेबांच्या सोबत्यांना त्या ठाऊक होत्या. त्या काळी रानवाट ही मौजेची वस्तू नव्हती. तिच्या ज्ञानावर माणसाचा जीव अवलंबून असे.

पचमढीचा शोध कॅप्टन जेम्स फोर्सिथ ह्याने लावला, असे पुस्तकांत आणि पाट्यांवर लिहिलेले आढळते. कोठे १८५७ हे वर्ष दिलेले असते. त्याच्या स्वतःच्या ग्रंथावरून पाहता तो तेथे १८६२ साली गेला. १८७१ साली प्रसिद्ध झालेला मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरील त्याचा ग्रंथ वाचनीय आहे ह्यात संशय नाही. त्याचे निरीक्षण सूक्ष्म होते, आणि अरण्याचे त्याला खरे प्रेम होते. परंतु शोध हा शब्द येथे जपून वापरला पाहिजे. फोर्सिथ तेथे पोहोचण्यापूर्वी कितीतरी काळ महादेवाच्या गुहेपाशी जत्रा भरत होती. त्या देवस्थानाचे रक्षण कोरकू भोप्यांकडे होते, आणि यात्रेकरूंकडून कर घेण्याचा त्यांचा हक्क वंशपरंपरेने चालत आलेला होता. जेथे कर घेण्याइतकी गर्दी लोटते ती जागा अज्ञात होती असे कसे म्हणावे? इंग्रजांना ती अज्ञात होती, इतकाच त्याचा अर्थ.

ह्या गर्दीत मराठी माणूस फार मोठ्या संख्येने असे, आणि आजही असतो. वऱ्हाड-नागपूरकडचा शेतकरी महाशिवरात्रीच्या सुमारास महादेवाला निघतो. शेतातले मुख्य पीक घरात आलेले असते, हवेत अद्याप उन्हाची तलखी नसते. खांद्यावर नवसाचा त्रिशूळ, मुखात महादेवाची गाणी, आणि पायांखाली सातपुड्याची चढण. जुन्नारदेव येथील देवस्थानाला ‘पहिली पायरी’ म्हणतात. तेथून पुढे डोंगरामागून डोंगर, आणि अखेर चौरागडाच्या हजाराहून अधिक पायऱ्या. माथ्यावर अर्पण केलेल्या त्रिशूळांचे रान उभे आहे. त्यांतले कित्येक इतके जड आहेत की एका माणसाने ते कसे वाहून आणले असतील ह्याचा अचंबा वाटतो.

ह्याहून बिकट यात्रा नागद्वारीची. ती नागपंचमीच्या सुमारास, भर पावसात होते. पचमढीच्या दऱ्यांतून पद्मशेष, स्वर्गद्वार अशी ठिकाणे घेत यात्रेकरू निसरड्या खडकांवरून, वाहत्या ओढ्यांतून, कोसळणाऱ्या पाण्याच्या कडेकडेने चालतात. एरवी ही वाट बंद असते, कारण आज ती वाघांसाठी राखलेल्या अरण्यातून जाते. वर्षातून थोडे दिवस ती उघडते. शहरातील माणूस ज्याला अरण्यभ्रमण म्हणतो ते हा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या करीत आला आहे. फरक एवढाच की त्याला धबधबा पाहावयाचा नसतो. त्याला तो ओलांडावयाचा असतो. तरी तो त्या पाण्याकडे पाहत नाही असे कोण म्हणेल?

ह्या चालण्याला भयही चिकटलेले होते. १८६० नंतरच्या दशकात जत्रेत पटकीची साथ उद्भवली. परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर ती गावोगाव पसरली, आणि सरकारने काही वर्षे जत्रेस बंदी घातली. त्याच सुमारास पचमढीवर इंग्रजी बंगले उभे राहू लागले होते. तेथील धबधब्यांनाही इंग्रजी नावे मिळाली. एक ‘बी फॉल’ झाला, एक ‘डचेस फॉल’. पुढे त्यांना जमुना प्रपात आणि जलावतरण म्हणू लागले. एकाच डोंगरावर अशा रीतीने दोन प्रकारचे पाहुणे येऊ लागले: एक पायी येणारा, दुसरा तट्टूवर बसून.

रामाकोन्याच्या बाजूला हा बदल आगगाडीने आणला. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत बंगाल-नागपूर रेल्वेची अडीच फूट रुंदीची छोटी लाईन नागपूर आणि छिंदवाडा ह्यांच्यामध्ये धावू लागली. ती काही देखावे पाहण्यासाठी घातलेली नव्हती. कोळसा, लाकूड, धान्य, कापूस ह्यांसाठी ती होती. परंतु घाटातील तिची वळणे आणि तिची संथ चाल ह्यांमुळे एक अनपेक्षित लाभ झाला. ज्याला पायी यात्रा करण्याचे बळ नव्हते त्याला, म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि लेकुरवाळ्यांना, खिडकीतून अरण्य दिसू लागले. कुकडीखाप्याची ओळख सांगताना आजही ‘उमरानाला आणि रामाकोना स्थानकांच्या मध्ये’ असेच सांगतात. ही ओळख छोट्या गाडीने दिलेली आहे.

१९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली. जुन्या मध्यप्रदेशातील मराठी भाषी आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा मध्यप्रदेशातच राहिला. त्याबरोबर घाटाखालची सौंसर आणि पांढुर्णा ही बाजूही तिकडेच राहिली, जरी तेथील घराघरांत मराठी बोलली जात होती. २०२३ साली पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर तहसील त्यात गेली. सीमा कागदावर पक्की झाली खरी. महादेवाला जाणाऱ्या पायांनी तिची दखल घेतल्याचे दिसत नाही.

छोटी लाईन २०१५ च्या अखेरीस बंद झाली. पाच वर्षांहून अधिक काळ ह्या मार्गावर सलग गाडी नव्हती. २०२१ साली रुंद मार्ग पूर्ण झाला. घाटासाठी उंच पूल बांधावे लागले, बोगदा खणावा लागला. प्रवास वेगाचा आणि सोयीचा झाला, आणि त्याबद्दल तक्रार करणे अन्यायाचे होईल. औषधपाण्यासाठी नागपूर गाठणाऱ्या माणसाला वेळेची किंमत विचारावी. मात्र बोगद्यातून अरण्य दिसत नाही. कुकडीखाप्याला जावयाचे तर आता मुद्दाम वाट वाकडी करावी लागते. जाणाऱ्याने श्रावण-भाद्रपदात जावे. उन्हाळा जवळ येऊ लागला की धार बारीक होत जाते.