मेलेल्यांस परत बोलाविणारे

कलावंत एकदां व्यवसायांतून निवृत्त झाला म्हणजे त्यास पुन्हां बोलवावें, कीं त्याच्या मागील कीर्तीवरच तृप्त राहावें, हा वाद जुना आहे. आणि मौज ही कीं, तो कलावंत स्वतः क्वचितच घालतो, घालतात ते त्याचे चाहते. अमेरिकेंत जॉर्ज रोमेरो नांवाच्या दिग्दर्शकानें १९६८ सालीं उठून चालणाऱ्या प्रेतांचा एक भयपट काढला. १९७८ व १९८५ सालीं त्याच विषयावर आणखी दोन काढले. आणि मग वीस वर्षांनीं, २००५ सालीं, तो पुन्हां त्या प्रेतांकडे वळला. दरम्यान त्याच्या जुन्या चित्रांच्या नव्या आवृत्त्या इतरांनीं काढल्याच होत्या. एक पक्ष म्हणे, ज्याची विद्या त्यानेंच ती चालवावी. दुसरा म्हणे, एकदां साधलें तें पुन्हां साधत नाहीं. हा वाद परका वाटेल. परंतु तो मराठी वाचकानें शंभर वर्षांपूर्वींच घातलेला आहे, आणि तोही दादासाहेब फाळक्यांविषयीं.

फाळक्यांकडे वळण्यापूर्वीं आमच्या गांवची एक आठवण सांगतों. इंदापूर तालुक्यांतील निमगांव केतकी हें गांव बारामतीहून इंदापुरास जाणाऱ्या वाटेवर आहे. तुकोबांची पालखी या वाटेनें पंढरीस जाते, आणि विड्याच्या पानांच्या मळ्यांमुळें गांवाचें नांव पंचक्रोशींत आहे. आमच्या लहानपणीं यात्रेंत सिनेमाचा तंबू पडे. यंत्र एकच असल्यामुळें दर रिळानंतर खेळ थांबे, आणि तेवढ्या अवकाशांत मोठीं माणसें पान जुळवीत. एका वर्षीं जुना पौराणिक बोलपट आला होता. फीत इतकी झिजलेली कीं, पडद्यावर सारखा पाऊस पडतो आहे असें वाटे. शेवटीं मेलेला मुलगा उठून बसला तेव्हां आमच्या आजीनें हात जोडले. शेजारचे एक शिकलेले गृहस्थ हंसून म्हणाले, "आजी, हें गेल्या साली दाखवलेलंच चित्र आहे." आजी म्हणाली, "मंग काय झालं? पोर दरसाल उठतंय न्हवं?" त्या वेळीं आम्ही त्या गृहस्थांच्या बाजूचे होतों.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत लागला. तारामतीचें काम साळुंके नांवाच्या पुरुषानें केलें होतें, कारण स्त्रिया मिळेनात. रोहिदास झाला तो फाळक्यांचा स्वतःचा मुलगा भालचंद्र. कथा पाहूं गेलें तर मृत्यूचीच आहे: सर्पदंश, स्मशान, डोंबाघरची चाकरी, आणि अखेर मेलेला मुलगा जिवंत होणें. पुढें 'लंकादहन' (१९१७), 'श्रीकृष्णजन्म' (१९१८), 'कालियामर्दन' (१९१९) हीं चित्रें आलीं, आणि फाळके हें नांव घरोघर पोंचलें. १९१८ च्या आरंभीं भागीदारांसह काढलेली हिंदुस्थान फिल्म कंपनी मात्र त्यांस मानवली नाहीं. मुंबईकर भांडवलवाल्यांशीं त्यांचें जमेना; ते कंपनी सोडून काशीस गेले, आणि तेथें 'रंगभूमि' हें नाटक लिहीत बसले.

येथें आमच्या विषयाचा गाभा येतो. 'संदेश'कार अच्युतराव कोल्हटकरांनीं त्यांस पत्र लिहून परत येण्याविषयीं विनविलें. फाळक्यांचें उत्तर आलें, तें अशा आशयाचें होतें कीं, चित्रव्यवसायापुरते आपण मेलेलेच आहोंत, आणि पुन्हां मरण्याची आपणांस हौस नाहीं. कोल्हटकर पडले हाडाचे पत्रकार. त्यांनीं तें पत्र 'फाळके मेले' अशा अर्थाच्या मथळ्याखालीं छापून टाकलें! मग वाचकांचीं पत्रें येऊं लागलीं, तीं 'संदेशां'त छापलीं गेलीं, आणि ते सारे अंक कोल्हटकरांनीं काशीस धाडले. फाळके विरघळले. १९२२ सालीं ते नाशिकास परतून त्याच कंपनींत निर्मितिप्रमुख झाले. परंतु आतां ते तेथें पगारावर होते.

या प्रसंगाकडे इतिहासाच्या दृष्टीनें पाहतां दोन गोष्टी ध्यानांत येतात. पहिली समाधानाची. चित्रपटाची कला आपल्याकडे उणीपुरी दहा वर्षांची झाली नव्हती, तोंच मराठी वाचकानें चित्रकर्त्यास आपला मानून, त्याच्यावर हक्क सांगून, पत्रें लिहिलीं. हा मान तोंपर्यंत नटास आणि कवीस मिळत असे. दुसरी गोष्ट मात्र मनास लागणारी आहे. पत्रें लिहिणारांस हवे होते ते 'लंकादहना'चे फाळके. आले ते १९२२ चे. मधल्या काळांत कोल्हापुरास बाबूराव पेंटरांची 'सैरंध्री' (१९२०) निघाली होती, प्रेक्षकाची दृष्टि पालटत होती. परतल्यावर फाळक्यांनीं चित्रें पुष्कळ काढलीं. पण लोकांच्या ओठीं आज जीं नांवें आहेत तीं बहुतेक काशीच्या आधींचीं. १९३१ सालीं बोलपट आला. त्यांचें 'सेतुबंधन' (१९३२) मुकें निघालें, त्यास मागाहून आवाज जोडावा लागला. 'गंगावतरण' हा त्यांचा एकमेव बोलपट १९३७ सालीं कोल्हापुरांत निघाला, तेव्हां ते सदुसष्ट वर्षांचे होते. १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिकांत त्यांचा अंत झाला. ज्या चाहत्यांनीं त्यांस एका मरणांतून उठविलें, त्यांच्यापैकीं किती जण या दुसऱ्या मरणापर्यंत सोबत राहिले? बोलाविणें सोपें असतें. आलेल्याच्या उतरत्या दिवसांत त्याचा खेळ पाहावयास जाणें, हें खरें ऋण.

मग ज्यांनीं परत बोलवूं नये म्हटलें असतें ते शहाणे ठरतात काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. 'एकदां साधलें तेंच खरें' असें म्हणणाराची अडचण निराळीच आहे. हरिश्चंद्राची कथा फाळक्यांनीं स्वतः १९१७ सालीं पुन्हां चित्रित केली. त्याच वर्षीं कलकत्त्याच्या मादन कंपनीनेंही ती काढली. १९३२ सालीं प्रभातनें 'अयोध्येचा राजा' या नांवानें ती बोलती केली. आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयांत 'राजा हरिश्चंद्रा'चीं म्हणून जीं पहिलें व शेवटचें अशीं रिळें जपलीं आहेत, तीं १९१३ चीं नसून १९१७ च्या पुनरावृत्तीचीं असावींत, असें कांहीं अभ्यासकांचें मत आहे. तें खरें असल्यास, आपण मूळ म्हणून ज्यास नमस्कार करतों ती दुसऱ्या खेपेची कृति ठरेल. त्या काळची फीत ज्वालाग्राही होती, खेळागणिक झिजत होती. अशा वस्तूचें आयुष्य तिच्या पुन्हां केल्या जाण्यावरच अवलंबून असतें.

म्हणून आतां आम्ही पक्ष बदलला आहे. तंबूंतले ते गृहस्थ चित्राची तारीख पाहत होते. आमची आजी मुलाकडे पाहत होती. फाळक्यांस परत बोलाविणारांनीं चूक केली नाहीं. चूक झाली असेल तर ती एवढीच कीं, मेलेला उठून बसला तें पाहून आपण हात जोडले, आणि मग तंबूंतून घरीं निघून गेलों.